बकरी घेण्याआधी एक पावसाळा

पुस्तकात तिला शेळी म्हणतात. आपल्या वऱ्हाडात ती बकरी. रिसोड-मालेगावकडच्या खेड्यात कुणी ‘शेळी’ असा शब्द वापरला की समजावे, माणूस एकतर सरकारी खात्यातला आहे, नाहीतर पुण्याकडचा. तेव्हा या लेखात मीही बकरीच म्हणणार आहे.

लेख लिहिण्याचे कारण आमच्या वहिनीच्या दारात आलेली एक मुलगी. वय तिशीच्या आत. नवरा गेल्या साली वारला. पदरात दोन लेकरे, जमिनीचा तुकडा नाही. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी यावर घर चालते आणि ही कामे संपली की चूल अडते. कुणीतरी तिला सांगितले की दहा बकऱ्या आणि एक बोकड अशी सरकारी योजना आहे, आणि अनुसूचित जाती-नवबौद्धांना त्यात शेकडा ७५ टक्के अनुदान मिळते. माहिती खरीच आहे. ती कागदपत्रे पिशवीत घेऊनच आली होती. म्हणाली, “मावशी, दहा बकऱ्या भेटतात म्हणे. फारम भरू का?”

वहिनी बकऱ्यांना पाणी पाजत होती. तिने मान वर न करताच उत्तर दिले. “भर ना बाई. पण बकऱ्या दारात याच्या आधी माह्या गोठ्यात एक पावसाळा काढ.”

मुलगी हिरमुसली. तिला वाटले, मावशीला आपले बरे बघवत नाही. पण वहिनी असे का म्हणाली ते मला ठाऊक होते. आमच्या घराने त्याची किंमत मोजली आहे.

मायच्या चार बकऱ्या

सन १९८५ ची गोष्ट. तेव्हा वाशीम जिल्हा नव्हता. अकोल्यातून तो १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. त्या काळी एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातून भूमिहीनांना बकऱ्यांसाठी कर्ज आणि अनुदान मिळत असे. आमच्या मायच्या नावे चार बकऱ्या मंजूर झाल्या. गावात केवढा आनंद! बाजारातून बकऱ्या आणल्या त्या दुसऱ्यांनीच. मायने फक्त अंगठा दिला. जेष्ठ महिन्यात बकऱ्या दारात आल्या, आणि पोळ्याला बघितले तर एकच उरली होती.

झाले काय? चारपैकी दोघी म्हाताऱ्या निघाल्या. त्यांच्या तोंडात कुणी बोट घालून पाहिलेच नव्हते. तिसरी गाभण होती. ती श्रावणातल्या झडीत व्याली, दोन गोंडस पिल्ले झाली. शेजारणी म्हणाल्या, वार पडेपर्यंत पिल्लू लावू नको, चीक बाधतो. मायने चीक पिळून फेकून दिला. खालची जमीन ओली, वरून गळते छप्पर. चौथ्या दिवसापर्यंत दोन्ही पिल्ले गेली, आठवड्याने त्यांची आईही गेली. आठवडी बाजारात लोक हळहळले. कुणी म्हणाले दृष्ट लागली, कुणी म्हणाले नशीब. बकऱ्या मेल्या, पण कर्जाचे हप्ते मेले नाहीत. माय ते मजुरीतून फेडत राहिली, आणि माझ्या धाकट्या भावाची शाळा त्या वर्षी सुटली. त्याच भावाची बायको म्हणजे ही वहिनी.

दृष्ट नव्हती आणि नशीबही नव्हते. ओली जमीन होती, फेकलेला चीक होता, न पाहिलेले दात होते. यातली एकही गोष्ट पैशाने महाग नाही. फक्त ती कुणी मायला शिकवली नव्हती. कर्ज देणाऱ्याने नाही, बकऱ्या आणणाऱ्याने नाही आणि आम्ही चार बुके शिकलेल्या लेकरांनीही नाही.

वहिनी शिकली ती आधी गावातल्या एका धनगर आजीकडून. आजीच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे. नुसत्या खोकल्याच्या आवाजावरून ती दुखणे ओळखायची. पण तिच्याकडे लस नव्हती आणि हिशेबाची वही नव्हती. या दोन गोष्टी वहिनीला प्रशिक्षणात मिळाल्या. आपल्या जिल्ह्यात रिसोड तालुक्यातील करडा येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. अकोल्याला स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आहे. अमरावतीजवळ पोहरा येथे शेळी-मेंढी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र आहे. शिवाय अग्रणी बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांत राहण्या-जेवण्यासह शेळीपालनाचे विनामूल्य वर्ग होतात. पुढची तुकडी कधी, ते तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. विचारायला लाज कसली?

असो. ती मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी आली. मृग लागायला आठ दिवस होते. वहिनीने तिला पहिल्यांदा खराटा दिला.

दात आणि जमीन

बकरीला पुढचे दात खालच्या जबड्यातच असतात, एकूण आठ. वर नुसती हिरडी. लहानपणी हे आठही दुधाचे, बारीक असतात. साधारण वर्ष-सव्वा वर्षाला मधले दोन पडून रुंद दात येतात. दोन वर्षांच्या आसपास चार, तिसऱ्या वर्षी सहा आणि चौथ्या वर्षी आठ झाले की बकरी जुळली. त्यानंतर दात झिजतात, फाकतात, पडतात. विकत घ्यायची ती दोन किंवा चार दाती, शक्यतो एकदा व्यालेली. कासेला हात लावून पाहायचा. दोन्ही सड सारखे आणि कास मऊ हवी, गाठ लागली तर तिथूनच परत. योजनेतली खरेदी असली तरी खरेदीच्या दिवशी स्वतः हजर राहायचे आणि स्वतः तोंड उघडून पाहायचे. मुलीने त्या सकाळी वहिनीच्या अकराही बकऱ्यांचे दात मोजले. एकीने तिचे बोट चावले. वहिनी हसून म्हणाली, “आता इसरणार नाही.”

जातीबद्दल पुष्कळ गाजावाजा चालतो. उस्मानाबादी काळी, जुळे देण्यात नावाजलेली. आपल्या वऱ्हाडाच्या नावाची बेरारी, तांबूस-तपकिरी रंगाची, तीही नोंदणीकृत जात आहे. बाहेरच्या उंच, देखण्या जातींच्या मोहात नवख्याने पडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. इथल्या उन्हाला आणि इथल्या कुटाराला जी सरावली आहे, तीच पहिल्यांदा घ्यावी.

गोठा साधा चालतो. मोठ्या बकरीला छपराखाली दहा चौरस फूट जागा लागते. म्हणजे दहा बकऱ्यांना दहा बाय दहाची जागा, आणि मोकळे फिरायला त्याच्या दुप्पट अंगण. छप्पर पऱ्हाटीचे असो की पत्र्याचे, जमीन मात्र उंचावर, मुरमाची आणि उताराची हवी. बकरी थंडी सोसते, ऊन सोसते, पण ओल सोसत नाही. खुर सडतात, छाती भरते, जंत वाढतात. रोज झाडायचे आणि आठवड्याला चुना भुरभुरायचा. निघालेले लेंडीखत वेगळ्या खड्ड्यात साठवायचे, त्याला गिऱ्हाईक घरी येते.

पहिला तास

बकरीचा गाभणकाळ साधारण पाच महिने, म्हणजे दीडशे दिवस. फळली ती तारीख वहीत लिहिली असेल तर विण्याचा आठवडा आधीच कळतो. मुलीने गोठ्यात पाय ठेवल्यावर बाराव्या दिवशी एक बकरी व्याली. रात्रीचे दोन वाजले होते आणि बाहेर पाऊस होता. वहिनीने तिला घरून उठवून आणले.

पिल्लू बाहेर आले की आधी नाकातोंडातला चिकटा स्वच्छ फडक्याने पुसायचा. मग पिल्लू आईपुढे ठेवायचे. ती चाटते, त्याने पिल्लाला ऊब येते आणि रक्त खेळते. नाळ पोटापासून दोन बोटांवर स्वच्छ दोऱ्याने बांधायची, त्याखाली नव्या ब्लेडने कापायची, टोक टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवायचे. आणि मग चीक. वार पडायची वाट पाहायची नाही. अर्ध्या ते एका तासात पिल्लाच्या पोटात चीक गेलाच पाहिजे. पिल्लू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढण्याची ताकद जवळजवळ नसते. ती आईच्या चिकातून येते, आणि पिल्लाचे आतडे ती पहिल्या काही तासांतच नीट शोषून घेऊ शकते. जितका उशीर, तितकी ती वाट बंद होत जाते. दोन किलोच्या पिल्लाला पहिल्या दिवसभरात तीन-चार वेळा मिळून पाव लिटरच्या आसपास चीक लागतो. पिल्लू अशक्त असेल तर चीक पिळून चमच्याने, घाई न करता पाजायचा.

धरा, दहा बकऱ्यांना वर्षभरात सोळा पिल्ले झाली. त्यांतली सहा गेली तर हाती दहाच उरतात. पण खाणे, औषध, राखण सोळांच्या आयांवर झालेली असते. नफा जातो तो बाजारात नाही, त्या पहिल्या तासात. मायची दोन पिल्ले मला त्या रात्री आठवली. मुलगी कंदील धरून उभी होती. (हो, त्या रात्री वीज गेलेली होती.) पिल्लू सडाला लागले तेव्हा तिने हलकेच विचारले, “मावशी, एवढंच असते का?” वहिनी म्हणाली, “एवढंच. पण रातच्या दोन वाजता.”

एक सांगायचे राहिले. वार, मेलेले पिल्लू किंवा गाभडलेले काही असेल तर उघड्या हाताने उचलू नये. बकरीच्या काही रोगांची लागण माणसालाही होते, त्यातला एक सांसर्गिक गर्भपाताचा. हातात प्लास्टिकची पिशवी घालून उचलावे, खोल पुरावे, वर चुना टाकावा. दूधही उकळल्याशिवाय लेकरांना देऊ नये.

जंत आणि लस

गोठ्यातले शिक्षण पावसात खरे सुरू होते. ओल्या गवताच्या शेंड्याशी जंतांची पिल्ले असतात आणि बकरी ती गवताबरोबर खाते. त्यांतला एक जंत पोटात बसून रक्त पितो. हगवण लागतेच असे नाही. बकरी नुसती सुकते, जबड्याखाली सूज येते आणि एक दिवस उठत नाही. ओळखायचे कसे? खालची पापणी अंगठ्याने खाली ओढून आतला रंग बघायचा. लालसर असेल तर ठीक, पांढुरकी असेल तर रक्त गेले. दक्षिण आफ्रिकेत यासाठी ‘फामाचा’ नावाचा पाच रंगांचा तक्ताच तयार झाला आणि तो पुढे जगभर गेला. आपल्याकडे तक्ता नसला तरी अंगठा आहे.

जंताचे औषध पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा द्यायचे, मध्ये लेंड्यांची तपासणी करून लागेल तसे. वजनाप्रमाणे पूर्ण मात्रा द्यावी. अर्ध्या मात्रेने जंत मरत नाहीत, उलट त्या औषधाला सरावतात. गाभण बकरीला कोणते औषध चालते ते डॉक्टरांनाच विचारावे. पाजताना तोंड फार उंच करायचे नाही, नाहीतर औषध फुप्फुसात जाते आणि जंताने नाही तर आपल्या हाताने बकरी मरते.

लसींत दोन महत्त्वाच्या. एक आंत्रविषाराची. पहिल्या पावसानंतरचे कोवळे लुसलुशीत गवत अधाशासारखे खाल्ले की धडधाकट बकरी रात्रीत मरते तो हा रोग. लस पावसाआधी द्यावी लागते, पहिल्या खेपेला पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा. दुसरी पीपीआरची. नाकाडोळ्यांतून पाणी, तोंडात फोड, हगवण, धाप, आणि कळपच्या कळप साफ. भारतात हा रोग प्रथम १९८७ साली तामिळनाडूत आढळला. तीन-चार महिन्यांच्या पिल्लाला एक टोचणी दिली की साधारण तीन वर्षे संरक्षण मिळते. गुराढोरांची बुळकांडी याच कुळातल्या विषाणूची. ती लसीकरणाने २०११ मध्ये साऱ्या जगातून संपली. आता २०३० पर्यंत पीपीआरही संपवायचा असे जगातल्या संस्थांनी ठरवले आहे. आपल्या वस्तीत अजूनही लस टोचली की गाभण बकरी गाभडते म्हणून बकऱ्या लपवणारे लोक आहेत. लपवू नका. डॉक्टरांना बकरी गाभण असल्याचे सांगा, ते ठरवतील.

चारा आणि भांडण

चाऱ्याचे सांगताना जरा थांबावे लागते. कारण आपल्या माणसांच्या बकऱ्या चरायच्या कुठे, हा नुसता चाऱ्याचा प्रश्न नाही. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात पडीक आणि सरकारी जमीन मागितली गेली. आज गावोगावचे गायरान आकसले, बांध तणनाशकाने जळाले. ज्याला शेत नाही त्याची बकरी दुसऱ्याच्या सोयाबीनमध्ये शिरली की भांडण बकरीवरून सुरू होते आणि जातीवर जाते. वहिनीने हे सोसले आहे. म्हणून खरिपात ती बकऱ्या सोडतच नाही. सकाळी पाला कापून आणते आणि गोठ्यात टांगते. बकरीला मान वर करून खायला आवडते, जमिनीवर टाकलेला चारा ती तुडवते आणि टाकून देते. फवारणी झालेल्या शेताच्या बांधावरचा पाला मात्र ती तोडत नाही.

मोठ्या बकरीला दिवसाला तीन-चार किलो हिरवे, किलोभर वाळले आणि पाव किलोपर्यंत खुराक पुरतो. वाळल्या चाऱ्याची आपल्या जिल्ह्यात चंगळ आहे. सोयाबीन, तूर, हरभरा यांचे कुटार मळणीनंतर लोक जाळतातही. मागून आणावे, कोरड्यात साठवावे. हिरव्यासाठी घराच्या कडेने शेवरी, हादगा, सुबाभूळ लावावे. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त देऊ नये, जास्त झाले तर केस झडतात. खुराकात मक्याचा भरडा, तुरीची चुनी, ढेप, चिमूटभर मीठ आणि खनिज मिश्रण. मळणीच्या दिवसांत सांडलेल्या सोयाबीनच्या राशीवर बकरी सुटू देऊ नये. पोटभर दाणा खाल्लेली बकरी फुगून मरते. कोवळ्या ज्वारीचे ताटही तसेच विषारी.

बोकड वीस-पंचवीस बकऱ्यांना एक पुरतो. दोन वर्षांनी तो बदलावा, नाहीतर तो स्वतःच्याच मुलींना फळवतो आणि पिल्ले खुरटी होतात.

फीत

आणि आता जिथे आपण सर्वांत जास्त फसतो ती गोष्ट. व्यापारी दारात येतो, बोकडाच्या पाठीवर हात दाबतो, आणि अंदाजाने आकडा सांगतो. घरात नड असते, आकडा मान्य होतो. वहिनीकडे शिंप्याची फीत आहे. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचांत घ्यायचा. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी इंचांत घ्यायची. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. आले ते अंदाजे किलो. घेर २६ इंच, लांबी २४ इंच असेल तर २६ गुणिले २६ म्हणजे ६७६, गुणिले २४ म्हणजे १६,२२४, भागिले ६६० म्हणजे साडेचोवीस किलो. व्यापारी त्याला ‘वीस भरेल’ म्हणाला तर साडेचार किलो तो फुकट नेतो. एका बोकडामागे साडेचार किलो! लटकता काटा मिळाला तर उत्तमच, चार बायांनी मिळून घ्यावा.

मुलगी सातवी पास आहे. गुणाकार तिने जमिनीवर काडीने केला आणि वहिनीच्या आधी उत्तर सांगितले. पुढच्या वेळी व्यापारी आला तेव्हा फीत तिच्याच हातात होती. व्यापारी हसला, पण आकडा वाढवला. बोकड ईदच्या आधी विकावा की आज, हे घरातली नड ठरवत असते, पण थांबता आले तर बकरी ईदला वर्षभराच्या, शिंगांना इजा नसलेल्या बोकडाला भाव चांगला येतो.

विहारात एका रविवारी कुणीतरी प्रश्न काढला, की भगवंतांनी उपासकांना जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले त्यात मांसाचा व्यापार आहे, मग बौद्धाने बकरी पाळून विकावी का? प्रश्न टाळण्याजोगा नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे, तोही लक्षात घ्यावा. मी निवाडा देणारी कोण? वहिनी दूध, खत आणि पिल्ले विकते, नवसाला बोकड मागायला येणाऱ्यांना मात्र दारातून परत पाठवते. आणि तिने पाय बांधून मोटारसायकलला उलटी टांगून एकही बकरी बाजाराला जाऊ दिलेली नाही.

मुलीने पूर्ण पावसाळा काढला. भाद्रपदात वहिनीने तिला एक गाभण बकरी अर्धलीने दिली. बकरी वहिनीची, राखण हिची, पिल्ले निम्मी-निम्मी. योजनेचा अर्जही तिने भरला आहे. जातीचा दाखला, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक जोडले आहे. बकऱ्या मिळाल्या तर विम्याचा बिल्ला कानात आहे की नाही, हे ती आता स्वतः बघेल. बकरी मेल्यावर बिल्ला आणि डॉक्टरांचा शवविच्छेदनाचा दाखला नसेल तर विमा मिळत नाही, हे तिला तोंडपाठ आहे. यादीत नाव येईल की नाही, ते अजून कळायचे आहे.

गेल्या आठवड्यात ती पहाटेच वहिनीकडे आली. अर्धलीची बकरी रात्री व्याली होती. तिने कुणालाही उठवले नव्हते. शंभर पानी वही पुढे केली. पहिल्या पानावर तारीख होती, आणि खाली लिहिले होते : पाट, १ किलो ९०० ग्रॅम. बोकड, २ किलो १०० ग्रॅम. चीक पाजला, २ वाजून ४० मिनिटे.